आमच्या गावचं रेशन दुकान आणि त्याच्या बदल्यात खात्यात येणारे १७० रुपये

हा रिव्ह्यू दोन सर्व्हिसचा आहे, कारण आमच्या एकाच गल्लीत दोन्ही चालतात. शेजारच्या आजीचं पिवळं अंत्योदय कार्ड, तिला दुकानातून धान्य भेटते. आमचं केशरी कार्ड, शेतकरी म्हणून, आम्हाले आधी धान्य भेटायचं आता त्याच्या बदल्यात पैसे येतात. यवतमाळ जिल्ह्यातलं कापूस-सोयाबीनचं गाव, बँक तालुक्याले, बाजार पण तालुक्याले. आधीच सांगून टाकते, दुकानाले पाचपैकी चार, पैशाले पाचपैकी दोन. का ते खाली सविस्तर लिहिलं आहे, लांबलं आहे, पण हा विषय गावोगावच्या घराघरातला आहे म्हणून लिहून राहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला, त्यात खेड्यातले ७५ टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक धरले, अंत्योदयवाल्या कुटुंबाले महिन्याले ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाले माणशी ५ किलो, तेव्हा भाव होता तांदूळ ३ रुपये गहू २ रुपये, आणि जानेवारी २०२३ पासून ते पण फुकट झालं. आता आमच्या राज्यात प्राधान्य कुटुंबात यायचं तर खेड्यात वर्षाची मिळकत ४४ हजाराच्या आत पायजे. म्हणजे ज्याच्याकडं चार-पाच एकर कोरडवाहू आहे, कागदावर उत्पन्न जरा जास्त दिसते पण बोंडअळी आली की हातात काहीच नाही, तो माणूस यादीच्या बाहेर. म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारनं शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना पण त्याच २ आणि ३ रुपयाच्या भावात माणशी ५ किलो देणं चालू केलं. आपल्याकडचे त्यात अमरावती विभागाचे पाचही, म्हणजे अमरावती अकोला वाशिम बुलडाणा यवतमाळ, आणि वर्धा. बाकी आठ मराठवाड्यातले. ही योजना खरंच चांगली होती, ज्यानं कोणी काढली त्याले शेतकऱ्याच्या घरातलं कळत होतं. मग केंद्राकडून या कार्डांसाठी गहू-तांदूळ येणं बंद झालं, आणि २०२३ पासून राज्यानं धान्याऐवजी माणशी महिन्याले १५० रुपये खात्यात टाकायचं ठरवलं, पुढं त्याचे १७० केले.

आता दुकानाचं. आमचं दुकान म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागं पत्र्याची खोली. बाहेर पाटी, पाटीवर कार्डाची संख्या, आलेला माल, भाव आणि तक्रारीचा नंबर लिहिलेला असते, आणि आमच्या दुकानदारानं ती पाटी खडूनं दर महिन्याले नवीन लिहिलेली असते, हे मी मुद्दाम पाहते. आत पॉस मशीन, इलेक्ट्रॉनिक काटा, आणि कट्टे एकावर एक. आधी अंगठा, मग मशीन पावती देते, पावतीवर किती किलो गहू किती तांदूळ ते छापून येते, मग मोजणं. पावती घेतल्याशिवाय पिशवी उचलायची नाही हे आजीले आता पाठ आहे, तिले वाचता येत नाही तरी पावती माझ्याकडं घेऊन येते, "पाय बरं पोरी, बरोबर आहे का," आणि बहुतेक वेळा बरोबरच असते.

मशीन यायच्या आधीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना फरक सांगायची गरज नाही. तेव्हा माल आला का हेच कळत नव्हतं, रजिस्टरवर कोणाच्याही नावाचा अंगठा असायचा, मेलेल्या माणसाच्या नावानं साखर उचलली जायची, असं घरची म्हातारी माणसं सांगतात. आता तसं करणं कठीण झालं. पण मशीनचा त्रास पण आहे आणि तो नेमका ज्याले जास्त गरज त्यालेच होते. आजीनं आयुष्यभर निंदण केलं कापूस वेचला, तिच्या बोटाच्या रेषाच घासून गेल्या. उजवा अंगठा लावा, नाही, डावा लावा, नाही, दुकानदार ओल्या फडक्यानं बोट पुसून देते, पुन्हा लावा, मागची लाइन वैतागते, आजी ओशाळते जशी काही तिचीच चूक आहे. मग डोळ्याचं मशीन आणलं तेव्हापासून जरा बरं आहे. नेटवर्क नसलं की दुकानदार मशीन घेऊन मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसते, तिथं रेंज येते, लोकं पण मागंमाग तिथं. हे सगळं पाहून वाटते की गरिबाची ओळख पटवायले जेवढी अक्कल खर्च केली त्याच्या निम्मी जरी टॉवरवर केली असती तरी काम भागलं असतं.

धान्याची क्वालिटी. गहू सहसा ठीक, कधी खडा-काडी निघते, पाखडून घ्यावा लागते. तांदूळ जाडा, पण खाण्यालायक. त्यात ते पोषणवाले दाणे मिसळलेले असतात, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ टाकून बनवलेले, शंभर दाण्यामागं एक, ते धुताना कधी वर तरंगतात म्हणून गावात "प्लास्टिकचा तांदूळ आला" असं पसरलं होतं आणि बायका ते दाणे निवडून कोंबड्याले टाकत होत्या. ते प्लास्टिक नाही, आपल्याकडच्या पोरीबायकांत रक्त कमी असते त्याच्यासाठी आहे, हे अंगणवाडीच्या ताईनं येऊन सांगितलं तेव्हा थांबलं. हे सांगायचं काम माल यायच्या आधी व्हायले पायजे होतं. आणि एक मागणी सगळ्या बायकांची आहे, आम्ही भाकर खाणारी माणसं, आम्हाले ज्वारी द्या. कायद्यात भरडधान्य बसते, अधूनमधून येते, पण नेमानं येत नाही.

दुकानदाराबद्दल पण लिहायले पायजे कारण त्याले शिव्याच जास्त भेटतात. त्याले कमिशन क्विंटलमागं १५० रुपये होतं, २०२५ मध्ये १७० झालं. समजा महिन्याले ४० क्विंटल वाटला तर ६,८०० रुपये, त्यात खोलीचं भाडं, लाइटबिल, हमाली, आणि एखादा पोरगा हाताशी. एवढ्यात महिनाभर दुकान उघडं ठेवा म्हणणं सोपं आहे, करणं अवघड. आमचावाला ठरलेले दिवस उघडते आणि आदल्या दिवशी गावाच्या ग्रुपवर टाकते, मजुरीले जाणाऱ्यांसाठी संध्याकाळी अंधार पडेपर्यंत बसते. एक तारा मी कापला तो याच्यासाठी की माल कधी कधी महिना उलटल्यावर येते, आणि तो उशीर वरून असते, त्याच्या हातचा नाही. २०२५ च्या पावसाळ्याआधी तीन महिन्यांचं एकदम दिलं होतं, ते मात्र आमच्या नाल्यापलीकडच्या पोडावरच्या (आदिवासी वस्तीवरच्या) लोकांना लय कामी आलं, पुरात रस्ता बंद झाला तरी घरात दाणा होता.

आता पैशाची सर्व्हिस.

कागदावर हिशेब जवळपास जुळते, म्हणूनच वरच्या लोकांना वाटत असेल की नुकसान काय आहे. आम्ही घरात पाच माणसं, आधी २५ किलो भेटायचं साठ रुपयाच्या आत, आता ८५० रुपये येतात. आमच्या बाजारात गहू तीस-पस्तीसच्या खाली नाही, तांदूळ चाळीसच्या वर. म्हणजे तेवढंच धान्य घ्यायले जवळून शे-दोनशे टाकावे लागतात, वरून ऑटोचं जाणं-येणं, आणि बाजाराच्या दिवशी गेलं नाही तर मजुरी बुडवून जाणं. हे झालं पैसे वेळेवर आले तर. आमच्याकडं ते कधी दोन महिन्यांचे एकत्र येतात, कधी त्याच्याहून जास्त थांबतात, आईच्या खात्यात येतात आणि त्याच खात्यात लाडकी बहीणचे १,५०० पण येतात, पासबुकात कोणती एन्ट्री कशाची ते छापलेलं असते पण वाचून समजत नाही. आई मले विचारते, "हे आपल्या गव्हाचे आले का ते दुसरे," आणि मी मोबाइलवर मेसेज उलटसुलट करून अंदाज सांगते. बँकेच्या शाखेत लाइन, शेजारच्या गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे निघतात पण तिथला माणूस हजारामागं वीस-तीस कापून हातात देते, पावती मागितली तर प्रिंटर खराब आहे म्हणते. दुकानाच्या पाटीवर तक्रारीचा नंबर असते तसा इथं कुठंच नाही.

चांगलं पण सांगते, नाही तर अन्याय होईल. पैसे बाईच्या नावानं येतात ही गोष्ट मोठी आहे. आईनं जूनमध्ये त्या पैशातून लहान्याच्या वह्या घेतल्या, एकदा ज्वारीचं अर्धं पोतं घेतलं जे रेशनमध्ये भेटलंच नसतं. दुकानदाराची मर्जी नाही, खराब मालाची कटकट नाही. ज्याचं घर बाजाराजवळ आहे आणि ज्याच्या हाताशी एटीएम आहे त्याले हे आवडेलच, माझी मावशी तालुक्याच्या गावात राहते, तिले विचारलं तर ती पैशालेच चार तारे देईल.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. कापसाच्या शेतकऱ्याच्या घरात पैसा कधी नसते? जूनपासून पोळ्यापर्यंत आणि त्याच्यापुढं पहिली वेचणी होईपर्यंत. बियाणं, खत, फवारणी, निंदणाची मजुरी, सगळं त्याच दिवसात, आणि आवक शून्य. त्या दिवसात घरात कोणत्याही दारानं पैसा आला की तो वावरात जाते. युरियाची बॅग आली आहे उद्या संपेल म्हटलं की बाबा आईकडं पाहतात, आई काही बोलत नाही आणि काढून देते, कारण तिले पण माहीत आहे की पीक गेलं तर वर्ष गेलं. ८५० रुपये असे जातात. धान्य मात्र वावरात जात नाही. कोठीत पडलेला गहू कोणी फवारणीवाल्याले देत नाही, तो पोरांच्या ताटातच येते. आणि दुसरं, बाजारात भाव वाढला तरी दुकानातले पाच किलो पाच किलोच राहतात, १७० रुपयात मात्र गहू महागला की दाणे कमी होतात आणि तो तोटा पूर्ण आपला. ती रक्कम बाजारभावाले बांधलेलीच नाही.

माझा भाऊ अमरावतीले एमपीएससी करून राहिला, त्याचं आणि माझं यावर नेहमीच वाजते. तो म्हणते, "ताई, जगभर आता कॅश ट्रान्सफरच चालते, तू अजून कट्ट्यातच अडकली." त्याचं अर्धं खरं आहे. मेक्सिकोनं १९९७ मध्ये प्रोग्रेसा नावाची योजना काढली, लेकरं शाळेत आणि दवाखान्यात पाठवाल तर आईच्या हातात पैसे, त्यानं पोरींचं पुढच्या शाळेत जाणं वाढलं. ब्राझीलची बोल्सा फामिलिया २००३ ची, तिथं पण पैसा बहुतेक बाईच्याच कार्डावर, अट शाळेची आणि लसीची. पण भाऊ जे सांगत नाही ते हे की ब्राझील फक्त पैसे वाटून थांबला नाही, तिथं शाळेतल्या जेवणाच्या केंद्र सरकारच्या पैशातले निदान ३० टक्के लहान शेतकऱ्यांकडून माल घ्यायले वापरायचे असं २००९ च्या कायद्यानं ठरवलं. म्हणजे पैसा पण, ताटात जेवण पण, आणि शेतकऱ्याले गिऱ्हाईक पण. जुलै २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेनं ब्राझील भुकेच्या नकाशातून बाहेर आल्याचं सांगितलं, ते एकट्या कॅशनं झालं नसावं असं मले वाटते.

इंडोनेशियाचं उदाहरण पण तो देते, आणि ते त्याच्या बाजूचं मजबूत आहे. तिथं स्वस्त तांदळाची जुनी योजना होती, गावचा प्रमुख तो तांदूळ सगळ्यांतच वाटून टाकायचा, त्यामुळं गरिबाच्या वाट्याले ठरल्यापेक्षा लय कमी यायचं. २०१७ पासून कार्डावर व्हाउचर चालू केलं, ज्याचं त्याले पूर्ण भेटू लागलं आणि सगळ्यात खालच्या लोकांतली गरिबी चांगलीच कमी झाली. हे मी मानते. पण ते व्हाउचर अन्न घ्यायसाठीच होतं, ठरलेल्या दुकानात चालणारं, मोकळी कॅश नव्हती, म्हणजे ते पैसे वावरात जाऊ शकत नव्हते.

आणि आपल्या देशातलं नगडीचं उदाहरण मी त्याले देते. झारखंडमध्ये रांचीजवळ नगडी नावाचा ब्लॉक आहे, तिथं २०१७ च्या ऑक्टोबरात प्रयोग केला, आधी बँकेत सबसिडीचे पैसे येतील, ते काढायचे, मग रेशन दुकानात जाऊन ३२ रुपये किलोनं तांदूळ घ्यायचा. लोकं बँकेतून केंद्रात, केंद्रातून दुकानात चकरा मारून थकले, म्हातारी माणसं पैसे आले की नाही पाहायलेच दोनदा जायची. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी सर्व्हे केला तर ९७ टक्के लोक याच्या विरोधात निघाले. लोकं रांचीपर्यंत पायी मोर्चा घेऊन गेले आणि २०१८ च्या ऑगस्टात सरकारनं ते मागं घेतलं. तिथं निदान कोणीतरी घरोघर जाऊन विचारलं तरी. आमच्या गावात आम्हाले कोणीच विचारलं नाही, एक दिवस दुकानदार म्हणाला, "ताई, तुमच्या कार्डाचा माल आता येणार नाही, खातं आधारशी जोडून घ्या," बस.

जागतिक बँकेनं जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा दिवसाले २.१५ डॉलरची ३ डॉलर केली, (हे बँकेत बदलून भेटणारे डॉलर नाहीत, त्या-त्या देशातली महागाई धरून काढलेले असतात) आणि त्या रेषेनं भारतात २०११-१२ मध्ये २७.१ टक्के असलेले अतिगरीब २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के राहिले. ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती मनापासून मानते, कारण आजीच्या घरात मी ते होताना पाहिलं, कोरोनात काम बंद होतं तेव्हा तिच्या घरी चूल पेटत होती ती रेशनच्या वरच्या माणशी ५ किलोवरच. पण रेषेच्या जरा वर आलेला माणूस एका खराब हंगामात परत खाली जाते. आमच्या १४ जिल्ह्यांतले केशरी कार्डवाले नेमके तेच आहेत. संयुक्त राष्ट्रांचं २०३० पर्यंत गरिबी संपवायचं ध्येय आहे म्हणे, तर मग खाली पडणाऱ्याले धरून ठेवणारी गोष्ट आधी काढून घ्यायले नको होती.

अजून एक अडचण जी दुकानाच्या हातात नाही, इष्टांक. तहसीलमध्ये नवीन नाव टाकायले गेलं की ऐकायले येते, इष्टांक शिल्लक नाही. म्हणजे राज्याले ठरवून दिलेला आकडा भरला. तो आकडा २०११ च्या जनगणनेवर काढलेला. त्याच्यानंतर जन्मलेली पोरं आता शाळेत वरच्या वर्गात गेली, नवीन संसार झाले, लोकं वाढले, आकडा तिथंच. आमच्या गल्लीतली एक सून लग्न होऊन आली, तिचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालं आणि इकडं चढायले कितीतरी महिने लागले, तेवढ्यात तिले बाळ पण झालं. गरोदरपणातच पाच किलो बंद.

डब्ल्यूटीओचं, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचं पण बोलतात लोकं, की सरकारनं हमीभावानं धान्य घेऊन साठवणं आणि वाटणं त्यांच्या नियमात मर्यादेच्या बाहेर जाते. १९८६ ते ८८ च्या जुन्या भावावर ते मर्यादा मोजतात, म्हणून भारतानं भांडून २०१३ मध्ये बालीच्या बैठकीत तात्पुरती सूट घेतली, कायमचा तोडगा अजून नाही. भंडारा-गोंदियाचा धानवाला सरकारी केंद्रावर धान विकते, तो भरडून तांदूळ होते आणि रेशनच्या कट्ट्यात येते. दुकान बंद करून सगळीकडं पैसेच दिले तर त्या धानाले गिऱ्हाईक कोण, याचं उत्तर भाऊ अजून देऊ शकला नाही.

माझं म्हणणं एवढंच की कार्डवाल्याले विचारा. वर्षातून एकदा फॉर्म द्या, धान्य पायजे का पैसे, ज्याचं त्याले कळते. मावशी पैसे घेईल, आम्ही धान्य घेऊ. आणि पैसेच द्यायचे असतील तर रक्कम दरवर्षी बाजारभावानं वाढवा आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेले टाका. हा विषय आम्ही बायकांनी ग्रामसभेत मांडला, ठरावाच्या वहीत लिहून घेतला, त्याची नक्कल तहसीलच्या पुरवठा शाखेत दिली आणि आवक शिक्क्याची कॉपी घरी आहे.

दुकानात जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. घरातल्या सगळ्यांचं ई-केवायसी करून घ्या, एकाचं राहिलं तरी त्याचं धान्य थांबू शकते, लहान लेकरांचं आधार अपडेट आहे का ते पण पाहा. पावतीवरचे किलो आणि काट्यावरचे किलो दोन्ही स्वतः पाहा, कट्ट्याचं वजन वजा करायले सांगा. कामाले पुण्याले किंवा सुरतले गेलेला माणूस तिथल्या दुकानात पण आपल्या कार्डावर धान्य घेऊ शकते, नवीन कार्ड लागत नाही. तक्रार १९६७ वर करता येते, करताना कार्डाचा बारा आकडी नंबर जवळ ठेवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. गावात दक्षता समिती असते, तिच्यात बायका पण असतात, तुमच्या समितीत कोण आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. आमच्याकडं दुकान महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात उघडते, सकाळी गर्दी असते, म्हाताऱ्या माणसांना दुपारी चारनंतर घेऊन जा, तेव्हा रेंज पण बरी असते.